नातीचा उजवा, माझा डावा

२ जानेवारी, पहाटे
शिवांजलीला, म्हणजे नातीला, घरी आणून पंधरवडा झाला. झटके थांबावेत म्हणून मेंदूच्या डाव्या बाजूचं ऑपरेशन केलं. झटके थांबले, पण उजवा हात लुळा पडला आणि शब्द उलटेसुलटे झाले. पाण्याला चप्पल म्हणते, मला बादली.
डॉक्टर म्हणाले, लहान मुलांचा मेंदू नवी वाट शोधतो, घाई नको, खेळू द्या. डॉक्टर कधी फौजेत नव्हते. मी सुभेदार म्हणून रिटायर झालोय, भलेभले रिक्रूट सरळ केलेत. २६ला शाळेचा झेंडा माझ्या हातून फडकणार. त्या दिवशी शिवांजली उजव्या हातानं सॅल्यूट मारणार. ऑर्डर.

५ जानेवारी
इस्लामपूरहून फिजिओच्या अंकिता मॅडम आल्या. खेळताना रोज थोडा वेळ तिच्या चांगल्या डाव्या हाताला हातमोजा घाला म्हणाल्या, म्हणजे उजव्याला कामाला लागावं लागेल. पोरीनं मोजा थेट आमटीत फेकला.
कमांडर आधी स्वतः करून दाखवतो. माझा उजवा हात मफलरनं छातीला बांधला. मग तिनं गुमान मोजा घालून घेतला. आठवड्यात डावा तयार करतो. आपल्याला म्हणजे डाव्या हातचा मळ.

६ जानेवारी
चहा मांडीवर. कपाचा कान बारीक आहे. भाकरी तुटेना, बायकोनं पीठ नीट मळलं नसणार. शिवांजली खदखदून हसली, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. चहा मी मुद्दाम सांडला, अशी नोंद करतो.

११ जानेवारी
डाव्या हातानं दाढी. हनुवटीला पट्ट्या. ब्लेड कंपनीचा दोष.
बायको, आमची रंगूबाई, म्हणाली, पोरीचं डोकं कोवळं हाय, तुमचा दगूड झालाय. मॅडमना फोन केला. त्यांनीही तेच सांगितलं, जरा गोड शब्दांत. दोघींचं काहीतरी संगनमत आहे.

१७ जानेवारी
पायजम्याची नाडी एका हातानं बांधता येत नाही. नाडीच आखूड. झगडत होतो, तर शिवांजली आली. मोज्यातल्या डाव्या हातानं एक टोक दाबून धरलं आणि दुसरं उजव्याच्या बोटांनी ओढलं. उजव्याच्या! अंघोळीच्या वेळी गाठ सुटेना, ती गोष्ट वेगळी.
रंगूबाई आत जाऊन रडली. माझ्याही डोळ्यांत धूर गेला. गॅस आहे, पण गेला. सगळा आपल्या ट्रेनिंगचा रिझल्ट.

२१ जानेवारी
सॅल्यूटची प्रॅक्टिस. तिचा हात खांद्यापर्यंत जातो आणि तिथून वळून माझी मिशी ओढतो. डिसिप्लिन कमी.
माझा उजवा बांधलेला, म्हणून मी डाव्यानं करून दाखवतो. समोर उभं राहिलं की तिला आरशात बघितल्यासारखं बरोबर दिसतं. दिवसभर तेच. डावा आता आपोआप उठतो. माझाही मेंदू कोवळा निघाला. मॅडमना कळवणार.

२६ जानेवारी, दुपार
सकाळी मफलर सोडला, कडक ड्रेस चढवला. दोरी ओढली, फुलं पडली, मैदान चिडीचूप. सॅल्यूट ठोकला. कोपर एकदम लेव्हलमध्ये.
शिवांजली पहिल्या ओळीत. तिचा उजवा हात हळूहळू वर आला. थरथरत, पण कपाळापर्यंत. माझ्याकडं बघून ती खणखणीत बोलली, "आजोबा, ह्यो न्हाई. दुसरा."
बघतो तर कपाळाला माझा डावा. समोर सरपंच, अख्खी शाळा आणि माझ्याच पलटणीतला वीरधवल, मोबाईलवर व्हिडिओ काढत.

त्याच दिवशी, संध्याकाळ
व्हिडिओ म्हसवडच्या पाहुण्यांपर्यंत पोचला. पोचू दे. पोरगी मला 'आजोबा' म्हणाली. गावानं ऐकलं, व्हिडिओत रेकॉर्ड आहे.
जेवताना खात्री करायला विचारलं, मी कोण? उजव्या हातानं लाडू तोंडात कोंबत म्हणाली, बादली. रंगूबाईचं म्हणणं, आता ती ठरवून म्हणते.
उद्यापासून सॅल्यूटचा क्लास पुन्हा सुरू. शिकवणार शिवांजली. मोजा माझ्या डाव्या हाताला.