किसनरावांची चिठ्ठी

ता. १२ जाने., शनिवार. अमरावती.

क्लबाची सभा. सात जण आले, त्यातले दोघे पान खायला. अध्यक्ष दादासाहेब वकील कोर्टातून थेट आले आणि खुर्चीतच पेंगले. औषधफेरीची गावं ठरवली, म्हणजे मी वाचून दाखवली आणि कोणी नाही म्हटलं नाही. नऊ वर्षं मी या सेवा क्लबाचा सेक्रेटरी. शाळेतून घरी यायचं, चहा घ्यायचा आणि पुन्हा रजिस्टर घेऊन निघायचं. आता पाय ओढत जातो. मार्चच्या वार्षिक सभेत हे काम सोडणार, हे आज इथं लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून मला फिरता येणार नाही.

द्यायचं कोणाला, तर किसनराव होले. वडाळीकडे त्यांचा भाजीचा आणि संत्र्यांचा मळा आहे. फेरीला बंडी त्यांची, बैल त्यांचे, औषधाची पेटी उचलायलाही तेच. बाकीचे आम्ही मागून उपरणं सावरत येणारे. त्यांना अजून विचारलेलं नाही.

अकोल्याहून पत्र. तिथं नवं मंडळ निघतंय, त्यांना आमची डबा-शनिवारची रीत सविस्तर लिहून हवी आहे. "आपणच ही कल्पना काढलीत असे कळते." हो, मीच काढली. उत्तर उद्या.

ता. १४ जाने., सोम.

संक्रांत. तिळगूळ वाटून हात चिकट. दादासाहेब म्हणाले, मास्तर, गोड बोला. मी म्हटलं, आठवडाभर बोलायचीच इच्छा नाही. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत केली.

अकोल्याचं उत्तर अर्धं लिहिलं. "महिन्याच्या शेवटच्या शनिवारी प्रत्येक सभासद घरून डबा आणतो. सगळे एका सतरंजीवर बसतात. नावांच्या चिठ्ठ्या अध्यक्षांच्या पगडीत टाकतात. ज्याच्या हाती ज्याचे नाव येईल त्याने त्याचा डबा खायचा. सेक्रेटरी सर्वांच्या शेवटी चिठ्ठी उचलतो. कोणी कोणाचे अन्न निवडायचे नाही आणि नाकारायचे नाही." इथवर आलो आणि दौत बंद केली.

ता. २६ जाने., शनि.

हिवताप. तीन दिवस अंथरुणात. डबा-शनिवार पहिल्यांदाच चुकला. पोस्टातले पेंडसे, पुण्याहून नुकतेच बदलून आलेत, त्यांच्याकडे चिठ्ठ्यांचं काम दिलंय. सौ. म्हणते, तुमच्यावाचून काही अडत नाही. तेच तर...

ता. २७ जाने., रवि.

किसनराव मेथीची जुडी आणि संत्री घेऊन आले. खाटेजवळ बसले. चेहरा खुललेला. म्हणाले,

"मास्तर, काल माहा डबा दादासायबाले गेला. बोटं चाटून खाल्लं त्यायनं. वांग्याची भाजी कशी केली, ते घरी विचारून सांगा म्हने. मी घरी सांगतलं तं तिले खरंच वाटेना. म्हने, मंग मास्तरनं काय खाल्लं?"

सात वर्षं त्यांचा डबा मलाच जातो, ही दत्ताची मर्जी, असं त्यांच्या घरी धरून चालतात. माझ्या पोटाला सोसावं म्हणून त्यांच्या बायकोनं तिखटसुद्धा कमी केलं होतं. काल पहिल्यांदा दुसऱ्याला गेला, त्याचंच त्यांना अप्रूप.

मी डोळे मिटून घेतले. ताप आहे म्हणून ते उठून गेले.

ता. २९ जाने., मंगळ.

ताप उतरला. तोंड कडू.

हे कुठंतरी लिहायला हवं. दत्ताची मर्जी वगैरे काही नाही. चिठ्ठ्या लिहिणारा मी, पगडीत टाकणारा मी. किसनरावांची तेवढी बोटांच्या बेचक्यात ठेवायची. बाकीच्यांनी उचलून झालं की शेवटी पगडीत हात घालायचा आणि तीच बाहेर काढायची. सात वर्षांत एकदाही चुकलो नाही.

का, तर ते क्लबात आले तेव्हा मला भीती वाटली. दादासाहेब घरी सोवळ्यात जेवणारे, कापसाच्या जिनचे मालक नारायणराव देशमुख आपल्या देशमुखीच्या तोऱ्यातले. माळ्याच्या घरची भाकर कोणी बाजूला सारली तर? किसनरावांच्या देखत? कोणी काही बोललं नव्हतं. मीच आधी घाबरलो. पुढं सवय झाली, आणि खरं सांगायचं तर पुढं ती भाकरही आवडायला लागली.

आणि दादासाहेबांनी बोटं चाटली.

ता. ९ फेब्रु., शनि.

औषधफेरी. तीन गावं. खरूज, डोळे, पुन्हा खरूज. परतताना बंडीत किसनरावांना विचारलं, सेक्रेटरी व्हाल का? त्यांनी कासरा सैल सोडला. मग म्हणाले, माह्या अक्षराले कोणी हसणार नाही ना. मी म्हटलं, माझ्या अक्षराला नऊ वर्षं हसताहेत. घरी विचारून सांगतो म्हणाले. घरी विचारायचं म्हणजे ठरलंच. कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

ता. २३ फेब्रु., शनि.

करू नये ते केलं.

अठरा जण होतो. चिठ्ठ्या लिहिल्या. किसनरावांची लिहिली आणि ती आपसूक बोटांत गेली. हाताची सवय म्हणून सोडून देता येईल, पण तेवढंच नव्हतं. मनात आलं होतं, दादासाहेबांचं ठीक, देशमुखांना गेली तर? आज सेक्रेटरीपणाची गोष्ट काढायची, आज नको.

पेंडशांनी पगडी फिरवायला घेतली आणि आधी चिठ्ठ्या मोजल्या. पोस्टातला माणूस. म्हणाले, "माणसं अठरा, चिठ्ठ्या सतरा." पुन्हा मोजल्या. सतरंजी झटकली. शेवटी मी मूठ उघडली, म्हटलं, बोटाला चिकटली वाटतं. पेंडशांनी उलगडून मोठ्यानं नाव वाचलं. सगळे हसले, मास्तर म्हातारे झाले म्हणाले.

किसनराव हसले नाहीत. माझ्या हाताकडे बघत होते.

चिठ्ठी पगडीत पडली. त्यांचा डबा पेंडशांना गेला, त्यांनी घाम पुसत खाल्ला. मला कोणाचा आला, काय होतं, आठवत नाही. सेक्रेटरीपणाची गोष्ट मी काढली नाही.

ता. २४ फेब्रु., रवि.

सकाळीच आले. ओसरीवर बसले, पाणी नको म्हणाले. सरळच विचारलं, सातही वर्षं असंच? मी हो म्हटलं. खोटं बोलायचं त्राण नव्हतं, आणि त्यांच्याशी ते बोललोही नसतो.

"कोनी काई म्हनलं होतं काय तुमाले?"

"नाही."

"मंग कावून?"

म्हटलं, तुमचा अपमान होऊ नये म्हणून. बोलताना माझं मलाच ते वाक्य ओशाळवाणं वाटलं. ते अगदी शांतपणे म्हणाले,

"कोनी डबा सारला असता तं मी त्याच्याशी भांडलो असतो. घरी जाऊन जेवलो असतो, अन् पुढच्या शनवारी पुन्हा भांडाले आलो असतो. तुमाशी कसा भांडू, सांगा. तुमी तं खाल्लं."

गेले. सौ.नं आतून सगळं ऐकलं होतं.

अकोल्याचं अर्धं उत्तर फाडून टाकलं.

ता. ३ मार्च, रवि.

फेरी. बंडी वेळेवर आली. हाकायला त्यांचा गडी. मालक कुठं विचारलं तर म्हणाला, मळ्यात काम हाय. पेटी मी आणि पेंडशांनी उचलली. कंबर धरली. शेवटच्या गावी एका म्हातारीनं विचारलं, ते पागोट्यावाले नाही आले काय आज? मी म्हटलं, येतील. तिला औषध नको होतं, त्यांच्याशी बोलायचं होतं.

दुपारी झाडाखाली जेवलो. पेंडसे पुण्याच्या गोष्टी सांगत होते, मी हं हं करत होतो.

ता. ९ मार्च, शनि.

सभेला किसनराव आले नाहीत. कोणाला काही वाटलं नाही. दादासाहेबांनी विचारलं, आमचे वांगेवाले कुठं? हसून विचारलं, प्रेमानंच.

रात्री जेवताना सौ. म्हणाली, "त्या बाईनं सात वर्षं तुमच्या पोटाचा विचार करून रांधलं." एवढंच म्हणाली.

मी वाईट हेतूनं केलं नाही, हे खरं आहे. पण हे वाक्य मी इतक्या वेळा मनाशी म्हटलंय की आता त्याचा कंटाळा आला.

ता. १७ मार्च, रवि.

राहवेना. मळ्यात गेलो. वांग्यांना पाणी देणं चाललं होतं. त्यांनी बाज टाकली, त्यांच्या बायकोनं गुळाचं पाणी आणलं, पदर सावरून आत गेली. नेहमी पोटाचं विचारते, आज विचारलं नाही.

मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली असं म्हणवत नाही, टाकलीही नाही. मग मी सेक्रेटरीपणाचं काढलं. म्हटलं, दुसरं कोणी हे काम करू शकत नाही, आणि मी खरंच थकलोय. दांडाचं पाणी वळवून ते फावड्यावर टेकून उभे राहिले.

"मले एकट्यालेच सांगून काय उपेग? सगळ्यायसमोर सांगा. कोन खाते, कोन नाई खात, मले पाहू द्या. मंग सेकरेटरी व्हाचं का घरी बसाचं, ते मी पाहीन."

म्हटलं, क्लब मोडेल. म्हणाले, मोडला तं मोडला. मळ्यातून रस्त्यापर्यंत पोचवायला आले, पण नेहमीसारखी पिशवीत भाजी घातली नाही.

ता. २४ मार्च, रवि.

उद्या होळी. परवा शाळेला सुट्टी. शनिवारी वार्षिक सभा. सांगावं की न सांगावं, हाच विचार. नाही सांगितलं तर किसनराव गेले. सांगितलं तर दादासाहेब दुखावणार, देशमुख काय करतील देव जाणे. शिवाय माझी सगळ्यांपुढं शोभा, ती वेगळीच. पन्नाशी उलटल्यावर पोरासारखं उभं राहून कबुली द्यायची. जीव नकोसा झालाय.

पेंडशांनी सभेचा कागद आणून दिला. विषय तिसरा, सेक्रेटरीची निवड. मी खाली पेन्सिलीनं लिहिलं, "त्याआधी सेक्रेटरीचे निवेदन." लिहिलं म्हणजे आता करावं लागेल.

ता. ३१ मार्च, रवि.

काल सांगितलं. आज जमेल तसं लिहितो.

सोळा जण होते. किसनराव आले, डबा घेऊन, दाराजवळ बसले. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, बेचक्यातली चिठ्ठी दाखवल्यासारखा हात करून. चार वाक्यांत संपलं. मला वाटलं होतं फार वेळ लागेल.

दादासाहेबांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. "मास्तर, सात वर्षं तुम्ही मला असा समजत होतात?" दोघातिघांनी मान हलवली, आम्ही असं कधी केलं असतं का म्हणाले. पेंडशांनी विचारलं, हे इतिवृत्तात घ्यायचं का?

तेवढ्यात कोपऱ्यातून नारायणराव देशमुख म्हणाले, "मी तं नसता खाल्ला. खोटं कावून बोलू? पोट दुखते म्हनलं असतं अन् सारला असता."

ज्याला मी सात वर्षं भ्यालो ते हेच. वाटलं, संपलं सगळं.

किसनराव उठले आणि देशमुखांच्या समोर जाऊन मांडी घालून बसले.

"सात वर्स माह्याजवळ बसून राह्यला, माह्या बंडीत हिंडला, अन् नसता खाल्ला?"

"बसनं येगळं."

"कसं येगळं? सांग मले."

तुमी-आमी सुटून तू-मीवर आले. दादासाहेब मध्ये पडायला लागले, तर किसनरावांनी हातानंच थांबवलं. देशमुख आपल्या आजीचं सांगायला लागले, घरी काय चालतं, काय नाही. किसनराव म्हणाले, तुही आजी इथं पाहाले येते काय, अन् संत्री तं तू माहीच खाते. कोणीतरी हसलं. देशमुख नाही हसले, पण उठूनही गेले नाहीत.

निवड पुढं ढकलली. चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. नऊ वर्षांत पहिल्यांदा ज्यानं त्यानं आपापला डबा खाल्ला. देशमुख आणि किसनराव समोरासमोर, आपापल्या डब्यातलं खात, तोंडात घास असतानाही भांडत होते.

निघताना दादासाहेब माझ्याशी न बोलता टांग्यात बसले. ते दोघे पायीच निघाले. मी रजिस्टर काखेत घेऊन त्यांच्या मागं. वाटलं, गाठावं, पण गाठून बोलणार काय? गल्लीच्या तोंडाशी किसनराव थांबले, मागं वळले आणि मला म्हणाले, "रामराम, मास्तरसायेब."

सायेब त्यांनी मला कधीच म्हटलं नव्हतं.

मग देशमुखांकडे वळून म्हणाले, "हां, तं तू काय म्हनत होता?" आणि दोघे हातवारे करत बाजाराकडं गेले. पुढच्या शनिवारी कोण येईल, रजिस्टर कोणाकडं जाईल, काही ठरलेलं नाही. मी तिथंच उभा होतो. मला देशमुखांचा हेवा वाटला.