टेंभीतांड्याची कंपनी आणि तीन ब्राउझर

सेनगाव, बसस्टँडसमोरचं हॉटेल
ता. १९ एप्रिल

श्रीयुत धम्मानंदराव खिल्लारे, निवृत्त पोस्टमास्तर, मुक्काम वसमत, यांस प्रेमदास आडे, निवृत्त शाखा डाकपाल, मुक्काम टेंभीतांडा, याचा जय भीम. तुझ्याकडून मला जय सेवालाल पोचला असं धरून चालतो, कारण बत्तीस वर्षांत तो कधी चुकला नाही. वहिनींचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हणावं. तुझ्या लेकीची, ऐश्वर्याची, कॉम्प्युटरची नोकरी बरी चालली असेलच. जयंतीला तुझ्याकडे यायचं पक्कं ठरलं होतं, पण कंपनी आडवी आली. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त डोळ्यांतून पाणी येतं आणि मधूनच अंगठा दुखतो, तोही कंपनीमुळेच. हे पत्र पाहून तू दचकला असशील. (आपण दोघंही पोस्टातले, पण निवृत्तीनंतर एकमेकांना साधं कार्ड टाकलं नाही, ही शरमेचीच गोष्ट आहे.) फोन करता आला नाही, कारण माझा फोन तुझ्या वहिनीने, नानीबाईने, घरीच ठेवून घेतला. चार्जिंगला लावते म्हणाली. तो पूर्ण भरलेला होता हे मला जीपमध्ये बसल्यावर आठवलं.

तर कंपनी. आमच्या तांड्यातल्या दहा बायका गेली चार वर्षं हळद एकत्र शिजवतात, वाळवतात, पॉलिश करतात आणि हिंगोलीच्या बाजारात एका गाडीत घालून नेतात, हे तुला माहीत आहेच. यंदा एक मसालेवाला थेट तांड्यावर आला, हळद हातात चोळून पाहिली आणि म्हणाला, दरवर्षी तुमचीच घेतो, पण मी कंपनीशीच करार करतो. महिनाअखेरपर्यंत कंपनी काढा, नाही तर पलीकडच्या गावात एक तयार आहे. बायकांनी त्याच दिवशी ठरवलं, काढायची. अध्यक्ष आमची सूनबाई सुनिता. (बी.ए. आहे, पण माझ्यासमोर दोन शब्दांच्या वर बोलत नाही, त्यामुळे बी.ए. असल्याचं मला लग्नानंतर तीन वर्षांनी कळलं.) सभासद सगळ्या बायकाच, पुरुष एकही नाही. मला याचं वाईट वाटलं हे तुझ्यापासून लपवत नाही. मग मीच पुढे होऊन सांगितलं, कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडे द्या, निवृत्तीच्या आधी दीड वर्ष मी पोस्टात कॉम्प्युटर चालवलेला आहे. (तू तेव्हा तालुक्याच्या ऑफिसात होतास, त्या दीड वर्षाची हकीकत तुला माहीत आहे. तांड्याला माहीत नाही. कृपा करून तसंच राहू दे.)

हिंगोलीला आकांक्षा मॅडम म्हणून एक आहेत, त्या कंपन्या काढून देतात. त्यांनी मला तासभर कायदा समजावला आणि मी तो लखमा नाईकाच्या ओट्यावर चार वडीलधाऱ्यांना समजावला. तिथेच घोळ सुरू झाला. मी म्हणालो, शेतकऱ्यांच्या अशा कंपनीला निदान दहा सभासद लागतात आणि पाच संचालक. हे पटलं, कारण तांड्यातही नाईक असतो, कारभारी असतो. मी म्हणालो, कंपनी बुडाली तरी सभासदाच्या घरातली भांडी कुणी उचलत नाही, त्याने जेवढ्या रुपयांचा भाग घेतला तेवढंच जातं. हेही पटलं. मग मी म्हणालो, कायद्याने कंपनी ही स्वतः एक व्यक्ती असते, तिच्या नावावर जमीन होते, तिच्यावर कोर्टात दावा होतो, आणि माणसं मेली तरी ती मरत नाही. यावर लखमा नाईकाने विडी विझवली आणि विचारलं, व्यक्ती आहे तर तिचं गोत कोणतं? राठोडांची का आड्यांची? उद्या कुणाच्या बाजूने बसायचं ते आधी ठरायला पाहिजे. मी म्हणालो, तिला गोत नसतं. ते म्हणाले, मग तांड्यात राहणार कशी? यावर दोन दिवस चर्चा चालली. शेवटी ठरलं की तिला तांड्याची लेक मानायची, म्हणजे सगळ्यांचीच. आकांक्षा मॅडमना हे फोनवर कळवलं. त्या म्हणाल्या, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.

नावाचं तेच. सेवालाल घालून तीन नावं पाठवली, तिन्हींसारखी नावं आधीच कुणी ना कुणी घेतलेली निघाली. दोन कंपन्यांचं नाव सारखं चालत नाही म्हणे. (आपल्या डाकेत एकाच नावाचे सात गणपत होते, तरी प्रत्येकाची मनीऑर्डर बराबर पोचायची.) शेवटी ‘टेंभीमाळ महिला हळद उत्पादक कंपनी’ हे मंजूर झालं, पण वीस दिवसांपुरतंच. वीस दिवसांत पुढचे कागद गेले नाहीत तर नाव सुटतं, आणि पुन्हा पहिल्यापासून. कंपनीला पत्ता लागतो, पत्त्याला लाइट बिल लागतं, आणि ज्याच्या नावाने बिल त्याची ना हरकत लागते. आमच्या घरचं बिल अजून वडिलांच्या नावाने येतं. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यांची ना हरकत कुठून आणू? म्हणून कार्यालय लखमा नाईकाच्या पुढच्या खोलीत ठरलं. सोयही झाली, कारण तांड्यात नेटवर्क त्याच ओट्यावर येतं, आणि म्हणूनच सगळे म्हातारे दिवसभर तिथेच बसून नातवंडांशी बोलतात.

आता खरी तकलीफ ऐक. पाचही संचालकांची सही कागदावर चालत नाही, ती कॉम्प्युटरातली लागते. ती मिळवायची तर बाईने फोनच्या कॅमेऱ्यात बघायचं, पूर्ण नाव सांगायचं, समोर दिसणारे चार आकडे मोठ्याने वाचायचे आणि डोळे मिचकावायचे. एवढंच. मॅडम म्हणाल्या, काका, मी लिंक पाठवते, ब्राउझर चांगला वापरा आणि कॅमेऱ्याला परवानगी द्या, बाकी काही नाही. मी म्हणालो, त्याची तुम्ही फिकीरच करू नका. फोन ठेवला आणि ब्राउझर म्हणजे काय ते शोधायला लागलो.

धम्मानंद, माझा आजवर समज होता की इंटरनेट म्हणजे ती रंगीत चकती. बोट लावलं की उघडतं ते इंटरनेट. तर तसं नाही. इंटरनेट म्हणजे टपाल, आणि चकती म्हणजे फक्त पोस्टमन. पत्र तेच असतं, आणून देणारा वेगळा. हे कळल्यावर मला फार हलकं वाटलं, पण पुढे कळलं की पोस्टमन एक नाही, पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक जण फोनवर आपलं सामान घेऊन राहायला येतो. एक चकतीवाला, एक कोल्हेवाला, एक सिंहवाला. चकतीत पहिल्यांदा लिंक उघडली, तर सूनबाईचं नामंजूर झालं. मी कोल्हा उतरवून घेतला. (लखमा नाईकाचा याला विरोध होता. कोंबड्या असलेल्या घरात कोल्हा कशाला, असं ते गंभीरपणे म्हणाले.) कोल्ह्यातही नामंजूर. मग सिंह आणला. हे तिघं एकमेकांवर जळतात. कुणालाही उघडलं की तो आधी हात जोडतो, मला तुमचा कायमचा ब्राउझर करा, आणि नाही म्हटलं तर तासाभराने पुन्हा विचारतो. ग्रामपंचायतीला उभे राहिलेले लोकही एवढे मागे लागत नाहीत. मी भिडेखातर तिघांनाही हो म्हणालो. त्याचा परिणाम असा झाला की पासवर्ड एकाकडे, मॅडमची लिंक दुसऱ्याकडे, आणि कॅमेऱ्याची परवानगी तिसऱ्याकडे. शिवाय मी उघडलेलं पान बंद करत नाही. आपल्या नोकरीत बंद केलेली फाइल परत कधी सापडली नाही, त्या सवयीने. परवा मोजली तेव्हा एक्केचाळीस पानं उघडी होती, त्यातली सहा वांग्यावरच्या किडीची.

आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच, चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. मी काय काय केलं नाही? सूनबाईला सावलीतून उन्हात बसवलं. उन्हामुळे तिने पदर आणखी पुढे ओढला, म्हणून पुन्हा सावलीत आणलं. चांगुणा, माझ्या धाकट्या भावाची बायको, तीही संचालक, तिच्या तोंडावर बॅटरी मारली. भिंतीला पांढरी चादर लावली, फोन मी स्वतः दोन्ही हातांनी धरला, कारण दुसऱ्या कुणाचा हात हलला तर चित्र हलतं. लखमा नाईक आणि बाकीचे आजूबाजूला मदतीला होतेच. चांगुणाला म्हणालो, पूर्ण नाव मोठ्याने सांग. ती म्हणाली, चांगुणा, आणि मग थांबली, आणि मग म्हणाली, आडे. मधलं नाव जळबा, तिच्या नवऱ्याचं. ते तिच्या तोंडून निघेना, म्हणून मीच ओरडून सांगितलं. तर कळवण्यात आलं की आवाज संचालकाचा वाटत नाही. आकडे तर इतक्या हळू वाचायच्या की मलाही ऐकू येईनात, आणि मी हातभर अंतरावर. तीनदा चुकलं की लिंक मरते. मॅडमनी सोळा लिंक पाठवल्या. परवा त्या म्हणाल्या, काका, तुमच्याकडे दुसरं कुणी आहे का? मी म्हणालो, माझ्याएवढं जाणकार तांड्यात कुणी नाही. फोन तिथेच बंद झाला. लाइन तुटली असावी.

आज सतरावा दिवस. मी हरलोय रे. चार वर्षं बायकांनी उन्हात हळद पालथी केली आहे, हात कोपरापर्यंत पिवळे आहेत, आणि एका म्हाताऱ्याला ब्राउझर निवडता येत नाही म्हणून त्यांची कंपनी पलीकडच्या गावाला जाणार. रात्री जेवण गेलं नाही. सकाळी चौथा ब्राउझर घेतो म्हणालो, तर नानीबाई म्हणाली, आधी पॉलिशच्या मशिनचा पट्टा बदलून आणा, सेनगावला जावं लागेल, आणि घाई करू नका. लखमा नाईकालाही बरोबर न्या, त्यांना दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. (त्यांना दातच नाहीत. बाकी तिन्ही म्हाताऱ्यांचीही आज सेनगावला कामं निघाली. एकाच जीपमध्ये आम्ही पाच जण आलो.) पट्टा दुपारी मिळणार आहे. तोवर इथे बसून हे लिहितोय.

तेव्हा विनंती एवढीच की ऐश्वर्याला विचारून उलट टपाली कळव, खेड्यातल्या बाईचा चेहरा दिसेल असा ब्राउझर कोणता? पत्राला दोन दिवस लागतील, उत्तराला दोन, आणि उरलेत तीन. हिशेब जमत नाही हे मलाही दिसतं, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

तुझा,
प्रेमदास

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, कारण तिकिटं संपली होती. (पोस्टात!) आता घरून लिहितोय. झालं. पाचही सह्या झाल्या. मी जीपमधून उतरलो तर सूनबाई मॅडमशी फोनवर बोलत होती, खणखणीत आवाजात. मला पाहिलं आणि पदर घेतला. कागद संध्याकाळी पुढे गेले. पाच जणींना मिळून अर्धा तास लागला म्हणे.

ता. क. दुसरा. मी नानीबाईला विचारलं, कोणत्या ब्राउझरमधून?  ती म्हणाली (घरात आम्ही गोरमाटी बोलतो, तुझ्यासाठी मराठीत देतो), “तुमी कुणाचे सासरे, कुणाचे भाये, थोरले दीर. तुमीच समोर फोन धरून उभं राहून राहिले, वरून चार म्हातारे गोळा केले. पोरींनी तोंड उघडावं कसं? सतरा दिस झाले, तुमाला काहून दिसलं न्हाई?” मी म्हणालो, मग कुणी सांगितलं का नाही? ती म्हणाली, “सासऱ्याला कोण सांगंल, बाजूला सरका म्हणून?” धम्मानंद, मी पुष्कळ वेळ गोठ्यात जाऊन बसलो.

ता. क. तिसरा. ही खरी विनंती, वरची रद्द समज. संचालक मंडळाची बैठक दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, लखमा नाईकाच्या ओट्यावर आहे. मी तांड्यात असलो तर त्या बोलणार नाहीत, आणि सरळ उठून गेलो तर त्यांना वाटेल सासरा रागावला. तेव्हा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तू मला जेवायला बोलव. कायमचं निमंत्रण दे, आणि लेखी दे, मला ते ओट्यावर वाचून दाखवायचं आहे. लखमा नाईकालाही आणावं लागेल. त्यांना मऊ भात लागतो.

ता. क. शेवटचा. फोन परत मिळाला तेव्हा चकतीत बेचाळिसावं पान उघडं होतं. सूनबाईच्या मंजूर झालेल्या अर्जाचं, फोटोसकट. डोक्यावरून पदर मागे सारलेला, कॅमेऱ्यात सरळ बघते आहे, हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण. बारा वर्षं ती आमच्या घरात आहे आणि तिच्या हनुवटीवर गोंदण आहे हे मला आज कळलं. बाकीची एक्केचाळीस पानं मी बंद केली. हे एक राहू दिलं आहे.