वाऱ्यात आरसा हलला नाही

मंगळवार, संध्याकाळ. कागल एमआयडीसी

आज वारं सुटलं आणि आरसा हलला नाही! शेडचे पत्रे थडथडत होते, पण आरशानं पाण्याच्या टाकीवर पाडलेला उन्हाचा ठिपका जागच्या जागी.

उन्हावर पाण्याची वाफ करायची तर टाकीवर ऊन फेकायला शेकडो आरसे लागतात. खर्च काचेचा नाहीच, ती वाऱ्यात धरून ठेवणाऱ्या जाड लोखंडी स्टँडचा. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, जन्मभर फाउंड्री चालवली. दोन माणसांनी मिळून उचलला तरच माल दणकट, हे त्यांचं ठरलेलं. माझा बुटका, बारीक पाइपचा स्टँड बघून म्हणाले होते, "पोरी, ह्यो स्टँड हाय का चहाचं टेबल?" पण मोठा आरसा उंचावर धरायचाच कशाला? लहान घ्यायचा, जमिनीलगत ठेवायचा, वारं वरनं जातं. इतकी साधी गोष्ट मला आधी का सुचली नाही?

ठिपका पुन्हा बघितला. न्हाय हलला!

वळून बघते तर आप्पा माझा तसलाच दुसरा स्टँड घेऊन गेटकडे निघालेले. शेजारच्या कारखानदाराला तिथनंच ओरडून म्हणाले, "ओ शेठ, या की जरा! आमच्या पोरीनं केलाय. बघा, एका हातानं उचलतोय!"