राहुकाळातली दुसरी रेघ

आई, तुम्ही गेल्याला किती वर्षं झाली, तरी तुमच्याशी भांडायची माझी सवय गेलेली नाही. भांडण एकच आहे आणि कुठलं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही माझ्या सासूबाई, तंजावरकडच्या मराठी घरातल्या, पिढ्यान् पिढ्या तिकडेच मुरलेल्या, आणि मी साताऱ्याहून लग्न होऊन चेन्नईत आलेली. तुमची मराठी मला सुरुवातीला अर्धीमुर्धीच कळायची, तुमचं बघणं मात्र पुरतं कळायचं. दर महिन्याला मी बाजूला बसते की नाही यावर तुमचा डोळा असे. एका महिन्यात मी बसले नाही, तशा तुम्ही माझ्या पानात न मागता लोणचं वाढायला लागलात आणि मी किती खाते ते बघत राहिलात.

शोळिंगनल्लूरच्या कंपनीत तेव्हा मला सहा महिने अमेरिकेला पाठवायचं घाटत होतं. काय ते आधी कळावं म्हणून मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ती पट्टी आणली. सकाळच्या पहिल्या लघवीत बुडवायची, पाच मिनिटांत बघायची, एक रेघ म्हणजे काही नाही, दोन म्हणजे दिवस राहिलेत, नंतर काही उमटलं तर ते धरायचं नाही, असं पाकिटावर स्वच्छ छापलेलं. सोमवारी मी पट्टी बुडवून न्हाणीघराच्या खिडकीत ठेवते आहे, आणि तुम्ही दारात उभ्या. "अत्तां पाहूं नको गे! राहुकालम लागला." राहुकाळात इथे कोणी शुभकार्य करत नाही हे मला माहीत होतं, पण लघवीच्या पट्टीलाही राहुकाळ असतो हे त्या दिवशी कळलं! मी म्हटलं, "आई, पाकिटावर पाच मिनिटं लिहिलंय." तुम्ही म्हणालात, "त्या पाकिटाला काय कळतें? दीड तास थांबलीस तर ती कुठें पळून जाते?" तुमचे चिरंजीव कॉफीचा टंबलर हातात धरून उभे. बोलले काय, तर "थांब ना जरा, आई म्हणते तर." मी थांबले. ऑफिसची बस चुकवली आणि थांबले.

राहुकाळ सरल्यावर बघितलं तर दोन रेघा. पहिली लालभडक, दुसरी फिकट, राखेच्या रंगाची. मला ती तेव्हाच पटली नव्हती, पण तुम्ही चष्मा लावून पट्टी उजेडात धरलीत आणि रवा भाजायलाच घेतलात. दुपारपर्यंत तंजावरला फोन गेले. आणि त्याच आठवड्यात मला पाळी आली.

एग्मोरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. त्यात काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "उशिरा बघितलेली रेघ बहुतेक वेळा नुसती लघवी वाळून उमटते. ती धरायची नसते. अगदी सुरुवातीला राहून गेलं, म्हणजे गर्भ राहिला आणि लगेच पडला, असंही क्वचित होतं. पण ते आता कोणीच सांगू शकणार नाही." त्यांच्या एवढ्या बोलण्यातून तुम्ही नेमकं "राहून गेलं" तेवढं उचललंत, आणि घरी येताना रिक्षात माझ्याकडे असं बघितलंत की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढे मी औषध घ्यायला मेडिकलमध्ये गेले, तर दुकानदार हसत सांगतो, "अम्मा येऊन गेल्या. सुनेनं दुसऱ्या कसल्या गोळ्या नेल्या का, विचारत होत्या." भर दुकानात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी तुमच्यासमोर ओरडले, "नव्हतंच काही! कोणी नव्हतंच पोटात!" तुम्ही शेंगा मोडत बसलात, मान वर केली नाहीत. मग मी अमेरिकेला गेले. का जाऊ नये? पण त्यानं, मीच गोळ्या घेऊन पाडलं, हे तुमच्या मनात पक्कंच झालं असणार. नंतर नात झाली, तिला मांडीवर घेऊन तुम्ही म्हणालात, "ही तरी राहिली." मी तिथेच उभी होते हो!

पण संशय काय एकट्या तुम्हालाच घेता येतो? त्या सोमवारी, राहुकाळ चालू असताना, तुम्ही पाय धुवायला म्हणून न्हाणीघरात गेलात आणि आतून कडी लावलीत. पाय धुवायला कोणी कडी लावतं? आम्हाला अडवलंत आणि स्वतः डोकावलात, हे मी शपथेवर सांगेन. पाच मिनिटं झाली तेव्हा त्या पट्टीवर काय होतं, हे या जगात एकट्या तुम्हीच बघितलंत. एक रेघ बघितली असेल, तर मग मला जन्मभर गुन्हेगार का ठरवलंत? आणि दोन बघितल्या असतील, तर तसं तोंडावर का म्हणाला नाहीत? आजारपणात तुमच्या उशाशी बसून मी कितीदा विचारायला गेले, पण तुम्ही डोळे मिटून घ्यायच्या. झोप खरी होती की नाही, देव जाणे.

हे कुठे पाठवणार मी, आणि कशाला? इतकी वर्षं मला वाटायचं की तुम्ही एक रेघ बघितलीत असं कबूल करावं, म्हणजे मी सुटले. आज लिहिताना कळतंय, मला उत्तर दुसरंच हवं आहे. दोन होत्या म्हणा, आई. म्हणजे जी राहिली नाही, तिच्यासाठी मला एकदा तरी रडता येईल.