तळघरातला जादा पाइप

६ ऑक्टोबर, सोमवार

स्कॉटलंडमधल्या डंडीला पोचलो आणि आल्याआल्याच मन प्रसन्न झालं. इतकी वाईट इमारत कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. वाईट इमारतींवरच माझं पोट चालतं, त्यामुळे तक्रार नाही.

स्ट्रॅथन हाऊस म्हणजे पेन्शनचा कारभार पाहणाऱ्या कंपनीची चार मजली दगडी कचेरी. नदीवरून येणाऱ्या वाऱ्यासमोर छाती काढून उभी आहे. आत शिरलो तर खोल्या तापवणारे गरम पाण्याचे रेडिएटर हात भाजेल इतके तापलेले आणि खिडक्या सताड उघड्या. गॅस जाळायचा, खोली तापवायची, घाम फुटला की खिडकी उघडून सगळी ऊब नदीला दान करायची! आणि ही मंडळी म्हणे लोकांना म्हातारपणासाठी काटकसर शिकवतात.

कचेरीच्या प्रमुख रोना स्टरक यांनी स्वागत केलं. ताठ मान, करडा कोट, आणि चहा असा की कपालाच कीव यावी. जुने बॉयलर काढून मी नवे, कमी गॅस खाणारे बॉयलर बसवणार आहे, म्हणजे नेमकं काय करणार, असं त्यांनी विचारलं. गॅस एक तृतीयांशाने खाली आणतो, असं मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या की मिस्टर लॉकहार्ट, याआधी आलेलेही हेच म्हणाले होते. याआधी आलेल्यांपैकी कुणाला काही येत होतं असं या इमारतीकडे पाहून वाटत नाही, हे मी मनातच ठेवलं.

दारातल्या टेबलावर एफी म्यूडी बसते. साठी उलटलेली, पाठीला रेडिएटर चिकटवून विणकाम करत असते आणि मधूनच फोन उचलते. मला पाहताच म्हणाली, बाळा, आमच्या थोरलीला काही करू नकोस हं. थोरली म्हणजे तळघरातला बॉयलर! लोखंडाच्या डबड्याला नाव ठेवणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज तळघर पाहिलं. थोरली खरोखर बघण्यासारखी आहे. ओतीव लोखंडाचं, खोलीभर पसरलेलं धूड. आधी कोळसा खायची, मग तेल, आता गॅस. तिच्या अंगावर इमारतीचा केअरटेकर डॉड पेट्री आपले मोजे वाळत घालतो आणि दुपारी मटण भरलेली पेस्ट्री गरम करतो. तीस वर्षांत या गृहस्थाने एवढीच दोन कामं केली असावीत.

एक गोष्ट मात्र मजेची सापडली. बॉयलरमधून निघणाऱ्या नळांपैकी एक, मांडीएवढा जाड, वर जायच्या ऐवजी सरळ फरशीतून खाली जातो. कुठल्याही नकाशात तो नाही. हात लावला तर चटका बसला. खाली ना मजला, ना खोली, नुसता खडक. कुठे जातो म्हणून डॉडला विचारलं. तो म्हणाला, गड्या, मी कधी विचारलं नाही आणि त्यानेही कधी सांगितलं नाही. स्वतःच्या विनोदावर बराच वेळ हसला.

संध्याकाळी आकडेमोड केली. इमारतीची जवळजवळ एक तृतीयांश उष्णता या नळातून जमिनीत जाते आहे. पिढ्यान्‌पिढ्या हे लोक एक खडक तापवत बसलेत! नवे बॉयलर बसवायच्या आधीच माझं वचन पुरं झालं. नळ कापायचा, तोंडावर झाकण वेल्ड करून बसवायचं, संपलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

थोरलीचे तुकडे करून भंगारात पाठवले. कचेरीतली माणसं जिन्यात रांगेने उभी राहून फोटो काढत होती. एफीने डोळे पुसले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. अंत्ययात्रेला एवढी गर्दी माझ्या काकांच्याही नव्हती.

खाली जाणारा नळ कापला. असल्या जुन्या नळात आतून गंजाचे थर असतात, काळा चिखल असतो. हा आतून लख्ख निघाला. नुसता स्वच्छ नव्हे, गुळगुळीत. चाटूनपुसून ठेवलेल्या ताटासारखा. कापताना त्यात आत ओढणारी हवा जाणवली. डॉडची टोपी टेबलावरून उडून नळाच्या तोंडाला चिकटली आणि तो चक्क घाबरला. खालच्या पोकळीत गार हवा असेल, म्हणून ओढ लागते. एवढं शाळेतल्या पोरालाही कळतं. झाकण बसवलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

नवे बॉयलर सुरू. भिंतीवर पांढऱ्या पेट्यांची रांग, आवाज म्हणाल तर मांजराच्या घुरघुरीएवढा. प्रत्येक मजल्यावर एकवीस अंश. गॅसचा वापर मी सांगितल्यापेक्षाही कमी. रोनाबाईंना आकडे दाखवले, तर त्या एवढंच म्हणाल्या की बरं. या गावात ‘बरं’ म्हणजे कौतुकाची पराकाष्ठा असणार.

५ नोव्हेंबर, बुधवार

रडगाणं सुरू झालं. थंडी वाजते! दुसऱ्या मजल्यावरच्या बायका कोट घालून बसल्यात, हिशेब खात्यातला एक दाढीवाला मफलर गुंडाळून टाइप करतोय, आणि एफीने हातमोजे चढवलेत. मी तिच्या टेबलावर थर्मामीटर ठेवला. एकवीस. तिला दाखवला. ती म्हणाली, बाळा, त्या कांडीला वाजत नसेल, मला वाजते.

सगळ्यांना एकत्र बोलावून समजावलं. तुम्ही आजवर भट्टीत बसत होतात, त्यामुळे साध्या हवेचीच तुम्हाला थंडी वाटते, ही नुसती सवय आहे, आठवड्यात जाईल. मेंढरांसारखी बघत राहिली. मेंढरांना निदान लोकर असते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

एक छोटी कटकट. रेडिएटरमधून फिरून परत येणारं पाणी थंड होऊन यायला हवं. बॉयलरची काटकसर त्यावरच चालते. इथे ते नेमकं सदतीस अंशांवर परत येतं. बाहेर ऊन असो, वारा असो, मी पाणी कमी तापवून पाठवो की जास्त, परत येतं ते सदतीस. मोजणारं यंत्र बिघडलं असणार म्हणून बदललं. नवंही तेच दाखवतं.

रविवारी कचेरी बंद होती, तेव्हाची नोंद पाहिली. रविवारी मात्र पाणी नीट थंड होऊन परत आलं होतं.

डॉड म्हणाला, नळात हवा अडकली असेल. त्याला सगळीकडे हवाच दिसते, स्वतःच्या डोक्यात आहे ना.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारच्या जेवणाआधी एफी खुर्चीतून खाली कोसळली. पाठ रेडिएटरलाच टेकलेली होती. अँब्युलन्स आली. त्यातल्या माणसाने तिच्या कानात यंत्र घातलं, पुन्हा घातलं, आणि आम्हाला विचारलं की हिला नदीतून कुणी काढलं? अंगात तीस अंशसुद्धा ऊब नव्हती. आम्ही उभे होतो त्या खोलीत एकवीस होतं.

त्याचं यंत्र स्वस्तातलं असावं, असं मी रोनाबाईंना म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी विसरायचा प्रयत्न करतो आहे. एफीचा कप टेबलावरच राहिला होता. चहावर बर्फाची पापडी धरली होती. रेडिएटरपासून वीतभर अंतरावर.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी कुणाला न सांगता सगळे बॉयलर बंद केले. इमारत थंड व्हायला किती वेळ लागतो, ते बघायचं होतं.

झाली नाही. दुपारपर्यंत प्रत्येक मजल्यावर एकवीसच. गॅस शून्य. रेडिएटर कोमट. परतीचं पाणी सदतीस.

कबूल करतो की पहिल्यांदा आनंद झाला. गॅसशिवाय तापणारी इमारत! कागदावर याहून सुंदर काही मागता येणार नाही. त्याच आनंदात वर गेलो आणि दाढीवाल्याच्या पाठीवर थाप मारली. सदऱ्यातून हात गार पडला, फ्रिजमधल्या मांसाला लागावा तसा.

मग खुर्च्या पाहिल्या. प्रत्येकाची पाठ नाहीतर गुडघे रेडिएटरला लागलेले. सदतीस. माणसाच्या अंगाची ऊब.

पाणी तापत होतं ते यांच्यावर.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तळघरात गेलो. झाकणाभोवतीची फरशी पांढरी पडली आहे. दंव. झाकणाला कान लावला. हवेचा आवाज नाही. ओढ आहे, मग थांबणं, मग ओढ. वासरू आचळाला लागतं तशी. सावकाश. भुकेली.

खाली काय आहे मला माहीत नाही. इतकी वर्षं त्याला त्या नळातून ऊब मिळत होती. मी ती फुकट जाते म्हणून तोडली. आता ते इमारतीच्या नळांतून घेतंय. बॉयलर देतात ते पुरत नाही — म्हणून बाकीचं —

रोनाबाईंना सांगितलं, कचेरी आजच्या आज बंद करा. त्यांनी कारण विचारलं. दिलं. लिहितानाही जे हास्यास्पद वाटतं, ते त्यांच्या टेबलासमोर उभं राहून बोललो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मिस्टर लॉकहार्ट, काम फसलं की पुरुष काय काय सांगतात ते मी पुष्कळ ऐकलंय, पण हे नवं आहे. आणि थंडीचं म्हणाल, तर ती नुसती सवय होती ना?

२० नोव्हेंबर, गुरुवार

एफी गेली. डॉडने फोनवर सांगितलं. उद्यापासून येणार नाही म्हणाला, त्या इमारतीत पुन्हा पाऊल टाकणार नाही. पळपुटा. हेवा वाटला त्याचा.

आज एकही तक्रार नाही. कोट खुंटीला, मफलर खणात. बाह्या सरसावून बसलीत सगळी. खिडक्या उघड्या, बाहेर गारांचा पाऊस. किती छान ऊब आहे, असं चौघींनी तरी मला थांबवून सांगितलं. ओठ निळे. रोनाबाई माझ्याकडे पाहून हसल्या. गेल्या दीड महिन्यात पहिल्यांदा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आगीची घंटा वाजवली. दुसरं काही सुचेना. सगळी शिस्तीत अंगणात आली. गवतावर दंव होतं. माझ्या तोंडातून वाफ निघत होती. ती सगळी बोलत होती, हसत होती, चाळीस-पन्नास माणसं — आणि कुणाच्याही तोंडातून वाफ नाही.

घरी जा, मी ओरडलो. हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा. मेंढरांसारखी बघत राहिली. मग वळली आणि परत आत गेली. दाढीवाला दार धरून उभा राहिला, माझ्यासाठी. म्हणाला, या ना आत, बाहेर काय गारठा आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कचेरीला सुट्टी. एकटाच आहे. झाकण कापून खालचा नळ नव्या बॉयलरना जोडला. सगळे पूर्ण जोरात लावलेत. त्याला त्याचं मिळालं की ते यांना सोडेल. साधा हिशेब आहे.

थोड्या वेळाने — पुरत नाही. ऐंशीवर पाणी पाठवतो, नळाच्या तोंडाशी पोचेपर्यंत गार. हे बॉयलर गरजेपुरतंच देतात. तीच तर त्यांची खुबी. मीच विकली ती. थोरली नुसती ओतत असायची —

ओढ वाढली आहे. आता कान लावावा लागत नाही.

वर खुर्च्या सरकल्याचा आवाज. शनिवारी. एक मजला. मग दुसरा.

जिन्यावर पावलं. घाई नाही त्यांना.

आली आहेत. सगळी. भिंतीला लागून उभी आहेत, जिथे थोरलीचं धूड होतं तिथे, फरशीवर त्याचा काळा ठसा आहे त्याच्या आत. खांद्याला खांदा लावून. मूर्ख, मूर्ख माणसं. जिना मोकळा आहे — जा म्हणतोय — कुणी हलत नाही. मीही नाही. पाय गेलेत. गुडघ्यापासून खाली काही कळत नाही.

रोनाबाई म्हणतायत की तुम्ही उगीच एवढा त्रास घेतला मिस्टर लॉकहार्ट, आम्ही आहोत ना. पुरेसे आहोत. फक्त एक जागा रिकामी —

कोट काढला मी. का काढला? उकडतंय —

डावा हात धरलाय तिने. काल यांचे हात बर्फ होते, सगळ्यांचे, मी स्वतः पाहिलंय. आणि हा — हिचा हात मला — हा तर चांगला गर