तीन दिवसांचा तह

गोरखपूर, जबलपूर
८ सप्टेंबर २०२५

सौ. विनतास,

तुम्ही दोघं नागपूरला सुखरूप पोचल्याचं शैलेंद्र भाऊजींच्या फोनवरून कळलं. इकडे सर्व ठीक. ह्यांचा गुडघा दुखतोच आहे. महालक्ष्म्यांची भांडी घासूनपुसून माळ्यावर ठेवली. कनिष्ठेचा मुखवटा दरवर्षी तू सोबत नेतेस, या वेळी इथेच राहिला. विसरली असेल, असं हे म्हणतात. तू विसरणाऱ्यातली नाहीस.

सूनबाई, म्हणजे आमची वैभवी, शिक्षक भरतीचा अभ्यास करून राहिली आहे. काल तिने विचारलं, "आई, ट्रूस म्हणजे शांतीच ना?" तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली मी, लगेच सुरू झाले. म्हटलं, शांती नाही. भांडण मिटत नाही, दोघं ठरवून काही काळ थांबतात, बस. एकाने अट मोडली की संपलं.

"अच्छा, म्हणजे तुमचं आणि काकूंचं. सालभर अबोला, महालक्ष्मीचे तीन दिवस ट्रूस."

"तसंच समज."

"और इस बार तोड़ा किसने?"

सासूला विचारायची रीत आहे ही? मी रागावले. पण उत्तर तिला ठाऊक होतं, हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायकांनाही. आंबील ढवळताना तू एवढंच म्हणालीस, की सासूबाई ताक जरा जास्त घालायच्या. आणि मी सर्वांदेखत म्हटलं, "त्यांचं तू नको सांगू. शेवटी बोलावलं तरी आली नाहीस."

तो विषय त्या तीन दिवसांत काढायचा नाही, एवढीच आपली अट होती. तू नऊ वर्षं पाळलीस.

आता गोल गोल काहून फिरू? मी तुला फोन केलाच नव्हता. भाऊजी दौऱ्यावर होते, त्यांचा फोन लागत नव्हता, म्हणून तुला आणि तुझ्याकरवी त्यांना कळवायचं काम माझ्याकडे होतं. दवाखान्यात सासूबाई दोन दिवस तुझंच नाव घेत होत्या. चौदा वर्षं त्यांचं सगळं मी केलं, आणि ओठांवर तू. ह्यांनी विचारलं तेव्हा मी "केला" म्हणून मोकळी झाले. संध्याकाळी करू, असं मनाशी ठरवलं होतं. दुपारीच त्या गेल्या.

तू एकदाच म्हणालीस, "वहिनी, फोन आला नाही." कोणी मानलं नाही. मास्तरीणबाई खोटं कशाला बोलेल?

तह करायला तू माझं बिघडवलं काय होतंस?

आज सकाळी ह्यांना सांगितलं. ते चप्पल घालून बाहेर गेले. भाऊजींना वेगळं पत्र लिहिलं आहे, सोबत जोडते. माझ्यामुळे त्यांना आईचं शेवटचं दर्शन झालं नाही, ते त्यात लिहिलं आहे. तेवढं त्यांच्या हाती दे. माफ कर, असं लिहीत नाही. पुढच्या वर्षी ये, असंही लिहीत नाही.

वयाने मोठी, म्हणून दरवर्षीच्या आमंत्रणाखाली तुला आशीर्वाद लिहीत आले. आज नमस्कार लिहिते.

सरोजिनी