धुरी आणि बुरुलचा कॉम्प्युटर

२ फेब्रुवारी, शुक्रवार

आज यंत्र परत अडकलं! ऐन खेळात. सुनेच्या संघातल्या चारही पोरी एकदम ओरडल्या. तिच्या कानावरच्या त्या डबड्यांतून मला स्वयंपाकघरात ऐकू आलं— "बुरुल, कुठे मेलीस?" बुरुल खुर्चीतच होती बिचारी. पडद्यावरची तिची शिपाईबाई मात्र भिंतीपाशी थिजलेली. मग काय, मारली गेली.

सेकंदाला एकशे चाळीस चित्रं दिसायला हवीत, बत्तीसच दिसतात म्हणते. मला तर एकच दिसतं. पण २५ तारखेला मोठ्या स्पर्धेच्या निवडीचा सामना आहे. तोवर यंत्र सुधारलं नाही तर संघाची बिश्केकची कप्तान हिला काढून दुसरी घेणार. तोंडावर सांगितलंय तिने.

नमाजानंतर नेहमीसारखी घरभर आर्चाच्या सुक्या डहाळ्यांची धुरी फिरवली. कॉम्प्युटरभोवती तीन फेऱ्या जास्त. शेजारची तोक्तोबूबू हिवाळ्याच्या तोंडाला येऊन "अगबाई, केवढं लखलखतंय!" म्हणून गेली, तेव्हापासूनच हे सुरू झालंय. दर शुक्रवारी दृष्ट काढते, तरी उतरत नाही म्हणजे काय!

५ फेब्रुवारी, सोमवार

लेकाचा, एर्मेकचा, कझानहून फोन. लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच पोरगा कामाला तिकडे गेला. मागे बायको कंटाळू नये म्हणून हे यंत्र घेऊन दिलं. आता आईला म्हणतो, "आपा, तिला नवा ड्रायव्हर टाकायला सांग."

हे लगेच उठून बसले. "ड्रायव्हर हवाय? अठ्ठावीस वर्षं ओशमध्ये बस चालवली मी. मला विचारा की!" स्वतःच हसले. मला हसू आलं नाही.

६ फेब्रुवारी

नवा ड्रायव्हर टाकला. बत्तीसचे चौतीस. वा!

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज धुरी यंत्राच्या पाठीमागे धरली. तिथल्या जाळीतून ते हवा आत ओढतं. नुसती वरवर फिरवून काय उपयोग, आत पोचायला नको? चांगली पाच मिनिटं धरली. अल्लाकडे मागितलं— पोरीचं भलं कर. धूर सगळा आत ओढून घेतला त्याने. मला बरं वाटलं.

बुरुल दारात उभी. "आपा, राहू द्या ना. तुमचा हात दुखेल."

"तुझ्यासाठी नाही करायचं तर कुणासाठी?" म्हटलं. मान डोलावली तिने. गुणाची आहे.

१० फेब्रुवारी

अठ्ठावीस!!

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आता बायोस. यंत्र जागं झालं की आधी ज्याच्या सांगण्यावरून चालतं ते, असं तिने समजावलं. नव्या बायोसमध्ये आतला पंखा जास्त जोरात फिरवता येतो म्हणे. दुपारी बसली. "आपा, दहा मिनिटं घरातलं काही लावू नका. मध्येच लाइट गेली तर संपलं." हिवाळ्यात आमच्या मीटरला मर्यादा असते. जरा भार वाढला की सगळं बंद. हीटर तर चालूच होता.

मी हात बांधून बसले. सातवं मिनिट असेल. हे बाहेरून कुडकुडत आले, "चहा?" आणि मी— चाळीस वर्षांची सवय! उठले, किटलीचं बटण दाबलं.

खट्. सगळं गार.

लाइट आली. यंत्राचे दिवे लागले, पंखा फिरला, पण पडदा काळा. बुरुलने वीसेक वेळा करून पाहिलं. काळाच.

१४ फेब्रुवारी

हे म्हणतात, "मी फक्त चहा मागितला."

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

बाजारामागच्या पाक मास्तरांकडे मीच यंत्र घेऊन गेले. कोरियन म्हातारा, पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा. बुरुलला नेलं नाही, तिच्यासमोर मान खाली घालायची माझ्यात हिंमत नव्हती.

बायोसचं ऐकून म्हणाले, "त्यात काय! चिमटा लावून चिपवर परत लिहितो." मग पाठ उघडली आणि नाक पुढे नेलं. "वैनी, यात मशीद आहे की काय? कोण आर्चा जाळतं इथे?"

पंख्यामागच्या पत्र्याच्या चकत्यांवर डिंकासारखा काळा थर. बोट चिकटलं. "हवा जाणार कुठून? जीव गुदमरलाय याचा. तापतं, म्हणून हळू चालतं."

दर शुक्रवारी! मीच!

पुढे म्हणाले, "गंमत बघा. पंख्याची पाती स्वच्छ आहेत. ब्रशने कुणीतरी घासतंय, दर आठवड्याला घासत असणार. पण मागे ब्रश पोचत नाही."

नमाज चुकला आज. घरी येऊन नंतर पढले. मन लागलं नाही.

१७ फेब्रुवारी

विचारलंच तिला. "तुला माहीत होतं?"

मान खाली. "पहिल्याच महिन्यात कळलं, आपा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझ्यासाठी दुआ मागत होता. थांबवा म्हणून कसं सांगू?" मी शनिवारी कुराणाच्या वर्गाला गेले की दात घासायचा ब्रश घेऊन बसायची. बायोससुद्धा त्याचसाठी. पंखा जोरात फिरला तर सासूला काही सांगावं लागणार नाही!

मला इतका राग आला— तिचा, माझा, आमच्या रीतीचा. सासूच्या धुराला नाही म्हणता येत नाही म्हणून पोरीने यंत्राच्या मेंदूत हात घातला! ओरडले, "गाढवे, तोंड दिलंय ना तुला?" मग दोघी रडलो. हे दार लावून बाहेर गेले.

२१ फेब्रुवारी

यंत्र आलं. एकशे त्रेचाळीस.

२५ फेब्रुवारी, रविवार

सामना. हीटर बंद, किटली कपाटात. हे दोन कोट घालून अंगणात, "घरात यायला परवानगी आहे का?" विचारत. मी तसबीहची माळ घेऊन तिच्या मागे बसले. काय चाललंय ते कळत नव्हतं. शेवटी सगळ्या जणी किंचाळल्या आणि बुरुलने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. निवड झाली!

१ मार्च, शुक्रवार

अल्माटीच्या एका मोठ्या संघाने बुरुलचा खेळ पाहिला. बोलावलंय— खोली, पगार, वर्षभराचा करार. यंत्रही ते लोकच देणार. कागद माझ्यापुढे ठेवून उभी राहिली. एर्मेक म्हणाला होता, आपा म्हणेल तसं.

मी विचारलं, "तुला जायचंय?"

मला वाटलं, म्हणेल— तुमची इच्छा.

"हो, आपा. जायचंय."

ह्यांना हाक मारली. म्हटलं, कपाटावरची सूटकेस खाली काढा.